नव्वदपर्यंत

इमिंगहॅमच्या गोदीपासून दोन मैलांवर
हेगच्या आवारात त्या उभ्या होत्या.
पांढरी स्टारलेट, बॉनेटवर फुगवलेली एकच नाकपुडी,
आणि एक मार्च, राखाडी,
धुक्यात लावली तर शोधायला कंदील लागावा अशी.

"दोघी योकोहामाहून, एकाच बोटीने," हेग म्हणाला.
थोरली नटवी, धाकटी कामाची,
असं स्थळं सांगणाऱ्या मावशीच्या सुरात.

बाबा म्हणाले, "आपल्यासारख्याच की. आयात."
मी म्हटलं, आयात तुम्ही.
मी ग्रिम्स्बीच्या इस्पितळात जन्मले, फॉर्म न भरता.

मी वीस वर्षांची. परवाना अकरा महिन्यांचा.
तीन हजार एकशे पौंड,
फिश फिंगरच्या पट्ट्यावर रात्रपाळ्या करून साठवलेले.
अजून केस विंचरले की हॅडॉक.

स्टारलेटच्या सीटने कंबर दोन्हीकडून धरली.
ए-एकशेऐंशीचा तो काँक्रीटचा रस्ता,
एरवी चाकांखाली जात्यासारखा घरघरणारा,
तिसऱ्या गिअरला एकदाच पाय दाबला
आणि टर्बोने बारीक शीळ घातली.
पोट मागे राहिलं. मी पुढे गेले.
शेजारी हेग खिडकीबाहेर बघत होता,
मासा गळाला लागल्याचं न दाखवता.

मग विमा.
घैसास, मी सांगितलं. जी, एच, ए, आय.
फोनवरची बाई टाइप करत राहिली,
एवढा वेळ की मला वाटलं, आडनावाचेही पैसे लावतेय.
चार हजार सातशे.
गाडी अठ्ठावीसशेची.
नाकापेक्षा मोती जड, आई म्हणाली असती;
मला नाकाचीच लाज वाटली.

बाबांनी खिशातून फ्रिजवरचं चुंबक काढलं,
गणपतीपुळ्याचं, समुद्र आणि कळस असलेलं.
स्टारलेटच्या दारावर चिकटलं. छतावर चिकटलं.
मागच्या चाकाच्या कमानीवर ठेवलं
तर गणपतीपुळं घसरून चिखलात.
पत्रा नव्हता तिथे. लांबी भरली होती,
वर पॉलिश.
हेग म्हणाला, "वय झालंय तिचं."
बाबांनी चुंबक पँटला पुसलं, काही बोलले नाहीत.
त्यांचं न बोलणं मला नेहमीच महागात पडतं.

मार्चला चुंबक सगळीकडे चिकटलं.
हीच तिच्यातली सगळ्यात थरारक गोष्ट.

किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डमधून
एक बाई जपानीत बोलली,
हळू, अदबीने, एक पूर्ण वाक्य.
"तिला गप्प करणं आजवर कुणाला जमलं नाही,"
हेग म्हणाला. "काय म्हणते ते माहीत नाही."
रेडिओचा आकडा नव्वदवर संपतो,
जपानात पुढे गरज नसावी.
इथली स्टेशनं बहुतेक नव्वदच्या पलीकडे.
एकच लागलं, त्यावर बागेतल्या गोगलगाईंबद्दल चर्चा.

कप्प्यात वही होती, बोटभर रुंद.
अक्षरं वाचता येईनात, आकडे येत होते:
तारीख, किलोमीटर, लिटर.
दर मंगळवारी बावीस, एकवीस, बावीस.
कुणीतरी चौदा वर्षं पेन्सिलीला टोक काढून
एका राखाडी गाडीचा हिशेब ठेवला होता,
आणि एका मंगळवारी ठेवला नाही.

विमा सोळाशे.
मी मार्च घेतली.
शहाणपण म्हणा हवं तर. मला तेव्हा रडू येत होतं.

स्टारलेट क्लीथॉर्प्सच्या एका पोराने नेली.
मागच्या आठवड्यात सिग्नलला शेजारी आली,
कमान पुन्हा रंगवलेली, पोरगा एका हाताने स्टिअरिंग धरून.
हिरवा लागला. ती शीळ
पुलापर्यंत ऐकू आली.
मी नाही बघितलं. बघितलं.

मग पंपावर थांबले.
वहीत, त्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं,
मराठी आकड्यांत, वेडेवाकडे:
शनिवार. १९ लिटर.

किल्ली फिरवली. ती तिचं वाक्य बोलली.
हो गं, म्हटलं.